आयर्विनची पातळी तोंडपाठ, भरतीची वेळ मात्र विचारू नका

परीक्षा संपल्या की आपली निम्मी सांगली कोकणात उतरते. कोणी आंबा घाटानं गणपतीपुळ्याला, कोणी गगनबावड्यावरनं तारकर्लीला, कराडकडचे पाहुणे कुंभार्लीनं गुहागरला. जावा की, मी पण जातो. पण एक गोष्ट दरवर्षी डोक्यात जाते, ती आज लिहूनच टाकतो.

ऑगस्टमध्ये याच सांगलीतलं शेंबडं पोरगं सुद्धा सांगतं की कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला आत्ता किती फूट पाणी आहे, ४० ला इशारा ४५ ला धोका, कोयनेतनं किती क्युसेक सोडलंय आणि ते इथं यायला किती वेळ लागणार. २०१९ च्या महापुराला ५७ फूट बघितल्यावर हे आपोआप पाठ झालं, कुणी क्लास लावला नव्हता. आणि हीच माणसं समुद्राला जाताना काय बघतात? रूममध्ये एसी आहे का आणि मोबाईलवर तापमान किती दाखवतंय, बास.

त्या तापमानाचं पण एक गंमतच आहे. सांगलीत ४० आणि रत्नागिरीत ३४ दाखवलं की आपण खूश, चला गारव्याला. अरे राव, तिकडं हवेत एवढी आर्द्रता असते की घाम वाळतच नाही, आणि घाम वाळला तरच अंग गार होतं ना. आपल्याकडं ४० ला सावलीत बसलं तर सुसह्य होतं, तिकडं ३४ ला पंख्याखाली पण शर्ट पाठीला चिकटलेला. दुपारी समुद्राकडनं जमिनीकडं खारे वारे सुटतात तेव्हा जरा बरं वाटतं. भूगोलात खारे वारे मतलई वारे पाठ केले होते बघा, ते खरंच असतात, फक्त पेपर संपला की आपण विसरलो. पहाटे वारा जमिनीकडनं समुद्राकडं, मतलई, तेव्हा पाणी शांत आणि दुपारनंतर तोच समुद्र खवळल्यासारखा होतो. आपले लोक नाष्टा, आंघोळ, देवदर्शन, जेवण, झोप सगळं उरकून बरोबर चार वाजता पाण्यात उतरतात.

आता भरतीचं. हे रॉकेट सायन्स नाही हो. दोन भरत्यांमध्ये साधारण साडेबारा तास, आणि रोज वेळ पाऊण-एक तासानं पुढं सरकते. कोकणातली जुनी माणसं ॲप बघत नाहीत, तिथीला पाऊणपट करतात. आज षष्ठी तर सहाचे पाऊणपट साडेचार, म्हणजे साडेचारच्या आसपास भरती. अमावस्या-पौर्णिमेला पंधराचे सव्वाअकरा, आणि तेव्हा उधाण, म्हणजे पाणी चढतं पण जास्त आणि उतरतं पण जास्त. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, ती त्यामानानं सौम्य. ज्या घरी आम्ही उतरतो तिथल्या काकू भाकरी थापता थापता भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघून हे सांगतात आणि दहा-वीस मिनिटं इकडंतिकडं बरोबर निघतं.

हे माहीत नसलं की काय होतं? गुहागरला पौर्णिमेच्या संध्याकाळी एक एमएच १० ची, म्हणजे आपल्या सांगलीचीच, स्कॉर्पिओ थेट किनाऱ्यावर. साडेपाचला पूर्ण ओहोटी, वाळू ओली आणि टणक, गाडी मस्त पळाली, रील झालं. मग सूर्यास्ताचे फोटो काढेपर्यंत सात वाजले. पाणी फिरलं की पहिल्या तासात कळतच नाही, खरं पाणी चढतं ते सहा तासांतल्या मधल्या दोन तासांत, जवळजवळ निम्मी भरती तेवढ्यातच. चाक जागेवर गरागरा फिरायला लागलं की वाळू आणखी उकरते, ड्रायव्हर ॲक्सिलेटर सोडेना, घरातली वहिनी हातात चपला घेऊन ओरडतीय, आणि मागनं लाट येऊन डिकीला लागतीय. शेवटी गावातला ट्रॅक्टर आला. गाडी निघाली, पण खारं पाणी खाली जिथं शिरायचं तिथं शिरलंच होतं.

आता तरुण मंडळींचं नवीन खूळ, सर्फिंग. खेळ भारी आहे, शिका, पण मंगळुरूजवळच्या मे-अखेरच्या स्पर्धांचे व्हिडिओ बघून त्याच आठवड्यात बोर्ड घेऊन मालवण गाठू नका. ती पोरं लहानपणापासून त्या लाटांवर वाढलेली. नवशिक्यानं हिवाळ्यात नाहीतर फार तर मेच्या सुरुवातीला, ते पण सकाळी. ॲपवर लाटेची उंची सगळे बघतात, दोन लाटांमधले सेकंद कोण बघत नाही. एक मीटरची लाट सहा सेकंदांनी येणारी वेगळी आणि चौदा सेकंदांनी येणारी वेगळी, दुसरी लांबनं, पार हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाकडनं ताकद घेऊन आलेली असते. इथं वारा नाही, आभाळ निळं, आणि तरी समुद्र उचलतो. हैदराबादची इन्कॉइस संस्था याचे इशारे काढते, फुकट मिळतात, पण ते आपल्या फॅमिली ग्रुपवर कधी फॉरवर्ड होत नाहीत.

सगळ्यात जास्त राग येतो तो कृष्णेत पोहणाऱ्या पट्टीच्या गड्यांचा. 'आम्हाला काय शिकवता' म्हणून आत घुसतात. दोन्हीकडं लाटा फुटताहेत आणि मधला पट्टा शांत, फेस नाही, पाणी जरा गडद, तिथंच पोरांना घेऊन उभे राहतात. अहो, लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी तिथनंच आत परत जात असतं! त्यात सापडलं तर सरळ किनाऱ्याकडं हात मारून दमायचं नाही, किनाऱ्याला समांतर आडवं पोहून बाजूला निघायचं. नदीच्या धारेत आपण उलटं पोहतो का? नाही ना, तिरकं जाऊन काठ धरतो. मग इथंच का अक्कल गहाण पडते कळत नाही.

आणि तारखा पण बघा जरा. साधारण २६ मे पासून बोटिंग, वॉटर स्पोर्ट्स, सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी सगळं ऑगस्टअखेरपर्यंत बंद असतं. तौक्ते वादळ मे मध्येच आलं होतं, २०२१ ला. २०२५ ला तर २५ मे लाच पाऊस कोकणात पोचला. तरी 'बुकिंग स्वस्त मिळालं' म्हणून मेच्या शेवटच्या शनिवारी निघणारे आहेतच आणि तिथं जाऊन होडीवाल्याशी हुज्जत घालतात, पाचशे जास्त घे पण सोड म्हणून. तो नाही म्हणतोय ते कशासाठी, याचा विचार शून्य.

निदान मासे तरी खाऊ म्हणाल तर १ जूनपासून मासेमारीचे ट्रॉलर पण बंद. ताटात सुरमई आलीच तर ती बर्फातली, तेवढी इथं मिरजेच्या मार्केटात पण मिळते.