नियोजनशूर होण्याची पूर्वतयारी

आरंभशूर हा शब्द आपल्याकडे टोमणा म्हणून वापरला जातो आणि ते योग्यच आहे, कारण आरंभशूर माणूस निदान आरंभ करण्याची चूक करतो. काम एकदा सुरू झाले की ते अर्धवट राहू शकते, बिघडू शकते आणि मुख्य म्हणजे चार लोकांच्या नजरेस पडू शकते. ज्या ध्येयाचे अद्याप केवळ नियोजन चालू आहे, त्याला यांपैकी कशाचीही बाधा होत नाही. म्हणून सुज्ञ वाचकहो, एखादे ध्येय आपणांस मनापासून प्रिय असेल, तर ते गाठण्याच्या भानगडीत न पडता त्याची योजना आखत राहावे.

प्रथम ध्येयाची शब्दरचना. ‘रोज दोन पाने लिहीन’ असला संकल्प अत्यंत घातक होय, कारण रात्री निजताना ती दोन पाने झाली की नाही, हे कोणालाही विचारता येते. त्याऐवजी ‘लेखनाला आयुष्यात मानाचे स्थान देईन’ असे लिहावे. स्थान रिकामे राहिले तरी मानाचेच राहते. आरंभाचा दिवसही काळजीपूर्वक निवडावा. हेंगचेन दाई, कॅथरिन मिल्कमन आणि जेसन रीस या संशोधकांनी 2014 मध्ये दाखवून दिले की आठवड्याच्या, महिन्याच्या आणि वर्षाच्या सुरुवातीला लोक व्यायामशाळेत अधिक जातात. याचा आपल्या दृष्टीने उपयोग असा की सोमवार चुकला तर थेट पुढच्या सोमवारची वाट पाहता येते, आणि महिन्याचे शेवटचे दिवस असतील तर पहिल्या तारखेची. मंगळवारी काहीही सुरू करू नये. मंगळवारी सुरू केलेले काम चालू राहण्याचा धोका असतो.

कालावधीचा अंदाज ही या विद्येतील सर्वांत रम्य पायरी आहे, त्यामुळे तिच्यावर थोडे रेंगाळणे भाग आहे. अंदाज बांधताना काम कसे पार पडेल याचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. त्या चित्रात आपण नेहमी ताठ बसलेले असतो, फोन वाजत नाही आणि घरात कोणी आजारी पडत नाही. मागच्या वेळी अशाच कामाला किती दिवस लागले होते, हे मात्र चुकूनही आठवू नये. डॅनिएल कानेमान आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये या सवयीला ‘प्लॅनिंग फॅलसी’, म्हणजे नियोजनातला भ्रम, असे नाव दिले. नाव ठेवले, असेही म्हणता येईल. पुढे रॉजर ब्यूलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1994 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांनी आपला प्रबंध सरासरी सुमारे 34 दिवसांत पूर्ण होईल असे सांगितले होते, आणि प्रत्यक्षात 55 हून अधिक दिवस लागले. सगळे काही बिघडायचे तितके बिघडले तर किती दिवस लागतील, असेही त्यांना विचारण्यात आले होते. त्याचे उत्तर सुमारे 49 दिवस असे आले. स्वतःच्या दुर्दैवाविषयीसुद्धा इतका आशावाद बाळगणाऱ्या प्राण्याचे कौतुक करावे तेवढे थोडेच.

कानेमान यांनी स्वतःची हकीकतही सांगून ठेवली आहे. निर्णयप्रक्रियेवर एक शालेय पाठ्यपुस्तक तयार करणाऱ्या गटात ते होते आणि काम साधारण दोन वर्षांत संपेल असे सर्वांनी लिहून दिले होते. गटातल्याच अभ्यासक्रमतज्ज्ञाला विचारल्यावर त्याला आठवले की अशा गटांपैकी सुमारे 40 टक्के गटांचे काम कधीच पूर्ण झाले नाही आणि उरलेल्यांना किमान सात वर्षे लागली. त्या तज्ज्ञाने स्वतःच्या कागदावरही क्षणापूर्वी दोन वर्षांच्या आसपासचाच आकडा लिहिला होता. गटाने हे सर्व ऐकून घेतले आणि काम पूर्ववत चालू ठेवले. पुस्तकाला आठ वर्षे लागली आणि ते वापरले गेले नाही. नियोजनशूराने याहून उत्तम आदर्श शोधू नये: आकडेवारी शांतपणे ऐकावी, तिच्याविषयी आदर व्यक्त करावा आणि वेळापत्रक होते तसेच ठेवावे.

नियोजनाची एक जात मात्र कटाक्षाने टाळावी. हॉवर्ड लेव्हेन्थाल आणि सहकाऱ्यांनी 1965 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात येल विद्यापीठातील विद्यार्थ्यांना धनुर्वाताची माहिती देऊन लस घेण्यास सांगितले. अधिक भीती घातल्याने लस घेणारे काही वाढले नाहीत. केवळ माहिती मिळालेल्यांपैकी जेमतेम 3 टक्के लस घेऊन आले. ज्यांना आरोग्यकेंद्राचा नकाशा दिला आणि आपण नेमके केव्हा जाणार हे ठरवायला लावले, त्यांच्यातील 28 टक्के गेले. कुठे आणि केव्हा या दोन क्षुल्लक प्रश्नांनी एवढ्या माणसांना खुर्चीतून उठवले, हे पाहता आपल्या योजनेत त्यांना अजिबात शिरकाव देऊ नये. ‘का’ या प्रश्नाची उत्तरे मात्र हवी तितकी लिहावीत. ती लिहिताना ऊर भरून येतो आणि दुपार निघून जाते.

ध्येयाची वाच्यता करावी का, असे काहीजण विचारतात. अवश्य करावी. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांच्या 2009 मधील प्रयोगांत, ज्यांच्या संकल्पाची दुसऱ्या कोणी दखल घेतली, त्यांनीच पुढे कमी कष्ट घेतल्याचे आढळले. सांगितल्यानेच अर्धे समाधान मिळत असेल, तर दोघांना सांगून पूर्ण समाधान का मिळवू नये, असा माझा साधा हिशेब आहे.

एवढी दक्षता घेऊनही क्वचित एखादा स्नेही समोर येऊन बसतो आणि ‘चल, आजच थोडे करून टाकू, मी आहे सोबत’ असे म्हणतो. अशा वेळी गोंधळून जाऊ नये. त्याला नम्रपणे आपल्या योजनेच्या रंगीत तक्त्यातील तिसरा टप्पा दाखवावा, तेथील रंग थोडा फिका झाला आहे का, हे विचारावे आणि चौथ्या टप्प्याला काय नाव द्यावे याबाबत त्याचा सल्ला मागावा. तो खुर्ची जवळ ओढून घेतो.