हो, मी विधानसभेला उभी राहतेय

मंडळी, गावात जी कुजबुज चाललीय ती खरी आहे. २०२९ ची विधानसभा मी सावंतवाडी मतदारसंघातून लढवणार. अपक्ष.

शेजारची काकी म्हणाली, "बाय, आमदारकी काय आपल्यासारख्यांका झेपता?" त्या काकीची बोटं बघा. काजूच्या चिकाने काळी पडलीत, तेल लावूनही कातडी सोलवटते. आमच्या भागातल्या कारखान्यांत अशा कितीतरी बायका बसतात. मजुरी दिवसावर नाही, किलोवर. अख्खा गर निघाला तर एक दर, तुकडा झाला तर कमी. बी नीट वाफवलेली नसली की तुकडा होणारच, पण भुर्दंड फोडणारीलाच.

दर वाढवा म्हणून आम्ही मालकाकडे जातो. पण मजुरीचा किमान आकडा ठरवायचं काम राज्य सरकारचं. १९४८ च्या किमान वेतन कायद्यात तसं होतं, २०१९ च्या वेतन संहितेतही तसंच आहे. जिथे किलोचा किमान दर ठरलेला नाही, फक्त दिवसाचा ठरलेला आहे, तिथे किलोवर राबणारीलाही दिवसाच्या किमान वेतनाहून कमी देता येत नाही. किती बायकांना हे कुणी सांगितलंय? त्यात पुन्हा बहुतेक उद्योगांना परिमंडळं, म्हणजे भागाप्रमाणे वेगळे किमान दर. महापालिका हद्दीत दर जास्त, गावात सगळ्यात कमी. गॅसची टाकी गावात स्वस्त मिळते का?

"मोर्चा काढ, निवडणूक कशाला?" असंही ऐकलं. मोर्चे हवेतच. पण खोती आठवा, कुळांकडून सारा वसूल करणाऱ्या खोतांची कोकणातली पद्धत. १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातली हजारो कुळं विधिमंडळावर चालून गेली. ते विधेयक मंजूर झालं नाही, खोती गेली १९४९ च्या कायद्याने. पण रस्त्यावर लोक असताना आत त्यांची बाजू मांडणारा माणूस होता, हे मला फार मोठं वाटतं. हमालांसाठी १९६९ चा माथाडी कायदा झाला, त्यातून कामगारांची नोंदणी आणि मजुरी सांभाळणारी मंडळं आली. काजू फोडणारी, बंदरावर कोळंबी सोलणारी, चिरेखाणीतला मजूर, यांच्यासाठी तसं मंडळ का नसावं? मी तेच मागणार. आणि गावातला दर शहराइतकाच हवा, हेही.

पैशांचं म्हणाल तर अनामत १० हजार आणि अपक्षाला १० सूचक, म्हणजे अर्जावर सही करणारे मतदारसंघातले मतदार, लागतात. खर्चाची मर्यादा ४० लाख आहे, तेवढा करायलाच हवा असं कुठेही लिहिलेलं नाही. पाकिटं वाटणार नाही, जेवणावळी घालणार नाही. वाड्यावाड्यांतून पायी फिरेन.

आत्ता एक काम करा. तुमच्याकडे किलोला काय दर मिळतो, दिवसाला किती किलो होतं, मजुरीची पावती मिळते का, हे मला इनबॉक्समध्ये कळवा. तुमचं नाव कुठेही येणार नाही. आमदार होईपर्यंत थांबायचं नाही, हे सगळे दर एका कागदावर मांडून मी आधी कामगार कार्यालयात जाणार आहे.