वीरगळ, ज्ञानेश्वरी आणि ऑइलपेंट : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

सातारा जिल्ह्यातल्या किकलीच्या वीरगळांवरच्या, म्हणजे लढताना मेलेल्या वीरांच्या आठवणीसाठी उभारलेल्या कोरीव दगडांवरच्या, माझ्या लेखाखाली तुम्ही मोकळेपणानं लिहिलंत, म्हणून मीही सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : ज्या शतकानं ज्ञानेश्वरी दिली, त्या काळाची ओळख करून द्यायला मी हे ओबडधोबड दगड का निवडले? ज्यावर एक अक्षर नाही त्याला इतिहास कसा म्हणायचं? आणि तुमच्या गावच्या देवळापुढच्या वीरगळांना यात्रेआधी ऑइलपेंट द्यायचं समितीनं ठरवलंय, त्यात बाहेरच्यांनी लुडबूड करू नये.

अक्षराचं आधी घेतो. कर्नाटकात लेख कोरलेले वीरगळ भरपूर सापडतात. आपल्याकडचे बहुतेक बिनलेखाचे, हे खरं. पण वीरगळ हा वाचायचाच दगड आहे, फक्त तो खालून वर वाचायचा. पुढच्या वेळी भुईंजवरून जाताना चंदन-वंदन किल्ल्यांच्या पायथ्याला किकलीत थांबा आणि भैरवनाथाच्या आवारातल्या एखाद्या वीरगळापुढे उकिडवे बसा. अगदी तळाला माणूस आडवा पडलेला असतो. काही ठिकाणी तिथंच गाई कोरलेल्या दिसतात. म्हणजे गुरं हाकून नेणाऱ्यांना अडवताना तो गेला. त्याच्या वरच्या चौकटीत लढाई : हातात ढाल-तलवार, समोर शत्रू, कधी घोडा. आणखी वर दोन अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून स्वर्गात नेतायत. सगळ्यात वर शिवलिंग, त्यापुढे हात जोडून बसलेला तोच माणूस, शेजारी पूजा करणारा पुजारी. माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याची कीर्ती राहो. कुठं बाजूला कोपरात वाकवलेला, बांगड्या भरलेला हात दिसला, तर त्याची बायको सती गेली असं समजायचं. कसा मेला, कशासाठी मेला, मागे कोण राहिलं, गावानं त्याला कुठं बसवलं, सगळं आहे की! नाव नाही, कारण ज्यांनी दगड उभा केला त्यांना ते सांगायची गरज नव्हती. ती त्यांच्याच घरातली माणसं होती.

मुंबईत बोरिवलीजवळ एकसरला वीरगळांवर जहाजं कोरलेली आहेत, वल्ही मारणाऱ्यांसकट. शिलाहार आणि यादव या राजघराण्यांच्या झगड्याबद्दल लिहिताना अभ्यासकांना त्या दगडांशी बोलावंच लागतं. दगड साक्ष देतो. ती ऐकायची सवय आपली मोडलीय.

आता ज्ञानेश्वरी. ती शके 1212 ची, म्हणजे इ.स. 1290 मधली. महानुभाव पंथाचं गद्यातलं लीळाचरित्रही त्याच काळातलं, आणि त्याच पंथाचे चक्रपाणी तर आपल्या फलटणचे. हे वैभव मी कमी लेखीन असं तुम्हाला वाटलं, याचं वाईट वाटलं. पण गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला 37 वा श्लोक आठवा : ‘हतो वा प्राप्स्यसि स्वर्गं जित्वा वा भोक्ष्यसे महीम्’. मेलास तर स्वर्ग, जिंकलास तर पृथ्वी. माउलींनी यावर मराठीत ओव्या रचल्या. कन्नड मुलखातल्या वीरगळांवर याच अर्थाचा श्लोक कोरलेला सापडतो : ‘जितेन लभ्यते लक्ष्मीर्मृतेनापि सुराङ्गना’. आणि आपल्या पाथरवटानं तोच अर्थ एकही अक्षर न कोरता त्या अप्सरांच्या चौकटीत उभा केला. ज्याला वाचता येत नव्हतं, ज्याच्या कानावर गीता कधी पडली नसेल, त्या गुराख्यालाही तो कळत होता. ज्ञानेश्वरी आणि वीरगळ मी एकमेकांसमोर उभे करत नाही. एकाच मुलखातली, एकाच श्रद्धेची ही दोन रूपं आहेत. ज्ञानेश्वरीला वाचक आहेत, पारायणं आहेत, सप्ताह आहेत. या दगडांना कुणीच नाही, म्हणून मी त्यांच्यावर लिहितो.

रंगाबद्दल मात्र मी गप्प बसणार नाही. समितीची भावना चांगली आहे, देवळापुढचे दगड उजळावेत एवढंच तुम्हाला हवंय. पण शेकडो वर्षांच्या ऊन-पावसानं हे कोरीवकाम आधीच उथळ झालंय. अप्सरेच्या हाताची, गाईच्या शिंगाची रेघ उरलीय ती बोटाला जेमतेम जाणवण्याइतकी. ऑइलपेंटचे दोन हात त्या रेघेत भरले की ती संपली. पुढं कुणी तो रंग तारेच्या ब्रशनं किंवा मशीन लावून खरवडतो आणि रंगाबरोबर दगडाची वरची कातही निघते. आपल्याच जिल्ह्यातल्या एका गावात चंदेरी रंगानं चकचकीत केलेल्या वीरगळावर वीर कुठला आणि शत्रू कुठला, हे मला ओळखता आलं नाही. सिमेंटात अर्धा पुरलेला वीरगळ तर तळची चौकटच हरवून बसतो, म्हणजे गोष्टीची सुरुवातच जाते.

उजळायचेच असतील तर साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरे. ॲसिड नको, साबणही नको. आडवे पडलेले दगड ओट्यावर उभे करा, ओट्याचं सिमेंट दगडाला लागू देऊ नका, आणि कुठला दगड कुठून उचलला ते वहीत लिहून ठेवा. मग एका रात्री दिवे मालवून दगडाच्या अगदी कडेनं बॅटरीचा झोत टाका. दिवसा सपाट दिसणारी पाठ उठते, ढालीची गोलाई येते, लिंगापुढचा माणूस स्पष्ट दिसतो. गावातल्या पोरांना हे दाखवा. रंगाच्या डब्याचा खर्चही वाचेल.

यात्रा जवळ आलीय म्हणता, तर काम सुरू व्हायच्या आत कळवा. मी साताऱ्यातच आहे. ब्रश, बॅटरी घेऊन येतो आणि समितीच्या बैठकीत हेच सगळं दगडासमोर उभं राहून सांगतो. तोवर तेवढा रंग थांबवा, ही कळकळीची विनंती.