तीन नळ, एक टाकी

पुण्यातल्या सोसायटीत टाकी एकच असते आणि पाणी तीन वाटांनी येतं: कॉर्पोरेशनचं, बोअरचं, टँकरचं. बोअरचा पंप लावावा आणि पाणी टाकीऐवजी कॉर्पोरेशनच्या लाइनीत उलटं निघून जावं, की प्लंबर थंडपणे विचारतो, "एनआरव्ही, म्हणजे उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह, बसवला नाही का?" सर्किट बोर्डाला यूएसबी, १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर आणि लिथियम सेल असे तीन नळ जोडायला निघालं की मला हाच प्लंबर आठवतो. जोडणं दहा मिनिटांचं काम. एकाचं दुसऱ्यात घुसू न देण्यात महिना जातो.

बोर्डावर 'एका वेळी एकच सप्लाय लावावा' असं छापता येतं, नाही असं नाही. पण ज्या शहरात 'गेटसमोर गाडी लावू नये' या पाटीला टेकवूनच स्कूटर लागते, तिथे बोर्डावरच्या छापील अक्षरांची काय कथा? त्यात हार्डवेअर ओपन, म्हणजे सर्किट कुणीही बघून बनवावं. बोर्ड अनोळखी माणसाच्या हातात पडणार आणि तो तिन्ही वायरी एकदम खुपसणार. सॉकेटं दिलीत कशाला मग, असं त्याचं म्हणणं. बरोबरच आहे.

आर्डुइनो उनो आर३ या शिकाऊंच्या लाडक्या बोर्डाचं सर्किट उघडं आहे, ते आधी बघावं. अ‍ॅडॉप्टरच्या लाइनीचा व्होल्टेज दोन सारख्या रेझिस्टरांनी अर्धा होतो, ऑप-अ‍ॅम्प तो ३.३ व्होल्टशी ताडतो. म्हणजे ६.६ च्या वर गेलं की पी-चॅनेल मॉसफेट (व्होल्टेजने उघडझाप होणारा स्विच) बंद आणि यूएसबीला रजा. शिवाय यूएसबीच्या वाटेवर ५०० मिलिअँपिअरचा पॉलिफ्यूज, म्हणजे थंड झाला की आपोआप सावरणारा फ्यूज.

एवढं नको असेल तर प्रत्येक नळाला एक शॉट्की डायोड, करंटचा एनआरव्हीच तो. १एन५८१९ हलक्या लोडवर ०.३ व्होल्ट खातो, एक अँपिअरला ०.६ पर्यंत जातो. पण कॉपी करणारा भिडू तपकीर गल्लीत, पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, जातो, ५८१९ मिळत नाही, आणि 'डायोड तो डायोड' म्हणत ४००७ घेऊन येतो. तो एक अँपिअरला ०.९ च्या आसपास गिळतो. केबलमधून ४.७ आले होते, उरले ३.८. एएमएस१११७ या ३.३ व्होल्टच्या रेग्युलेटरला आउटपुटच्या वर एक व्होल्टहून जास्त लागतो, तेव्हा ३.३ व्होल्ट विसरा. पार्ट लिस्टमध्ये नुसतं 'डायोड' लिहिणाऱ्याला हे भोगावंच लागतं.

खरी गंमत सेलपाशी. टीपी४०५६ या चार्जर चिपला १.२ के रेझिस्टर लावला की तो एक अँपिअरने चार्ज करतो आणि करंट एक दशांशावर, म्हणजे १०० मिलिअँपिअरवर उतरला की पोट भरलं असं समजून थांबतो. लोड थेट सेलवर जोडून बोर्ड सतत १२० पीत असेल तर चार्जर पंगतीतल्या आग्रही काकूंसारखा वाढतच राहतो. लाल दिवा रात्रभर लाल.

म्हणून यूएसबीतून लोडला शॉट्कीने पाजायचं आणि सेल-लोडच्या मध्ये पी-चॅनेल मॉसफेट घालायचा: ड्रेन सेलकडे, सोर्स लोडकडे, गेट यूएसबीला. गेटवर यूएसबीचा व्होल्टेज चढला की सेल लोडपासून तुटतो, उतरला की जोडला जातो. हे वाचून दहातले आठ जण तो उलटा लावतात, कारण सोर्स म्हणजे उगम असं डोक्यात बसलेलं असतं. मग त्याच्या पोटातला डायोड यूएसबीचा करंट चार्जरला वळसा घालून, मर्यादा न पाळता, थेट सेलमध्ये ढकलतो. लिथियम हे खपवून घेत नाही.

सर्किट काढायचं सॉफ्टवेअर कीकॅड यातलं काही सांगत नाही. तो फक्त कुरकुरतो की पॉवर पिनला कुणी पॉवर देत नाही, कारण मधल्या डायोडपलीकडचं त्याला दिसत नाही. 'इथे पॉवर आहे' सांगणारा पॉवर फ्लॅग चिकटवला की गप्प. हमीपत्र मिळालं, फाइल पुढे.

आता गेटचा पुल-डाउन, म्हणजे यूएसबी काढल्यावर गेटला शून्याकडे खेचणारा रेझिस्टर. बहुतेक सर्किटांत तो १०० के असतो. सेल लावा, यूएसबीची वायर काढा आणि रिकाम्या सॉकेटवर मल्टिमीटर धरा. शून्य दिसायला हवं, पण दीड-दोन व्होल्टही दिसू शकतात. शॉट्की उलट्या दिशेने थोडा गळतो. २० मायक्रोअँपिअर गुणिले १०० के म्हणजे गेटवर २ व्होल्ट. मॉसफेट दुपारी एक ते चारच्या दुकानासारखा: फळी अर्धी ओढलेली, आत कुणीतरी आहे, पण माल मिळत नाही. मे महिन्यात बंद डब्यात गळती आणखी वाढते. वर यूएसबीवर १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल तर गेट उतरायला सेकंदभर लागतो. तेवढा वेळ लोड पोटातल्या डायोडवर, ०.७ व्होल्टचा फटका, ३.७ चे ३.० होतात आणि बोर्डावरची मुख्य चिप ईएसपी३२ ब्राउनआउट, म्हणजे 'व्होल्टेज पडला', असं ओरडत रीसेट होते.

१०० के उपटा, १० के लावा. यूएसबी लावलेली असताना अर्धा मिलिअँपिअर जादा जातो, तो लॅपटॉपच्या खात्यातून.