दुबईचं काय पडतंय?

सांगलीत, विश्रामबागच्या रस्त्यावर ट्रॅव्हल एजन्सीची शाखा सांभाळतो म्हटलं की लोकांना वाटतं, हा माणूस फुकटात जग फिरत असणार. जगाचा नकाशा माझ्या पाठीमागं भिंतीवर आहे. त्याच्याकडं वळून बघायला सवड मिळत नाही.

गिऱ्हाईक खुर्चीत टेकायच्या आधीच विचारतं, "दुबईचं काय पडतंय?" इथं आकडा सांगायचा नाही, पासपोर्ट मागायचा. बऱ्याच देशांत उतरल्या दिवसापासून पुढं सहा महिने मुदत शिल्लक लागते. "अजून चार महिने आहेत की!" म्हणून गिऱ्हाईक आपल्याकडं असं बघतं, जणू मुदत मीच खाल्ली.

युरोपचा व्हिसा म्हणाल तर पासपोर्ट 10 वर्षांच्या आत काढलेला हवा, दोन पानं कोरी हवीत, 30,000 युरोंचा विमा हवा आणि फोटो 35 बाय 45 मिलिमीटरचा. लग्नातला कापून चालत नाही. बोटांचे ठसे द्यायलाही स्वतःच जावं लागतं. "तुम्हीच देऊन टाका की, वाटल्यास जादा घ्या," ही सूचना हंगामात एकदा तरी येतेच.

पण खरी मेख नावात. आधारवर सासरचं, पासपोर्टवर माहेरचं, आणि फोनवर सांगताना "लिहा हो, माई म्हणूनच ओळखतात सगळे." विमानाचं तिकीट पासपोर्ट समोर ठेवूनच काढायचं, एकेक अक्षर जुळवून. व्हॉट्सॲपवर आलेल्या नावावर काढलं की संपलं. स्पेलिंगमधलं एखादं अक्षर कंपनी कधी दुरुस्त करून देते. माणूसच बदलायचा म्हटलं तर बहुतेक वेळा तिकीट रद्द, नवीन काढा. फरकाचे पैसे कुणी द्यायचे, यावर चहाचे दोन कप तरी जातात.

रेल्वेचं वेगळंच. आगाऊ आरक्षण 1 नोव्हेंबर 2024 पासून 120 वरून 60 दिवसांवर आलं. तत्काळ एसीला दहाला, बिगर-एसीला अकराला उघडतं; पण जुलै 2025 पासून एजंटाला पहिला अर्धा तास बंदी. म्हणजे मिरजेहून दिल्लीला जायचं तर गोवा एक्स्प्रेसची तत्काळ सीट घरचं पोरगं मोबाइलवर काढू शकतं, मी नाही. हे सांगितलं की "मग तुम्ही इथं बसून करता काय?" हा प्रश्न येतो. प्रश्न रास्त आहे.

बसच्या सहलीत प्रत्येकाला खिडकी हवी, आणि पुढचीच. रोज दोन रांगा सरकायचं, हे पैसे घेतानाच बजावायचं. बस सुटल्यावर सांगितलं तर ते अन्याय ठरतं.

शेवटचं वजन. देशातल्या विमानात साधारण 15 किलो बॅग आणि 7 किलो हातात. पॉवर बँक हातातल्या पिशवीतच, सुकं खोबरं मोठ्या बॅगेत नाही. म्हणून शाखेत ताणकाटा टांगलाय. मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यामागं पाव किलोसाठी भांडणारे व्यापारी बॅग उचलून म्हणतात, "असेल बारा-तेरा." काटा एकोणीस दाखवतो. मग काटाच खराब ठरतो, आणि भडंगाच्या पाच पिशव्यांतली एकही बाहेर निघत नाही.