आर-स्क्वेअर ०.९५, तरी निष्कर्ष चुकीचा

वीजवितरणाच्या चर्चांमध्ये एक आलेख फिरतो आहे: महिन्याला पाठवलेल्या युनिटवर महसुलाचं रिग्रेशन (एका आकड्यावरून दुसऱ्याचा अंदाज बांधणारी रेषा), आर-स्क्वेअर (ती रेषा आकड्यांवर किती नेमकी बसते याचं ० ते १ मधलं माप) ०.९५. खाली निष्कर्ष असा, की पुरवठा वाढवा, वसुली आपोआप वाढते आणि कंपनी फायद्यात येते. आलेखवाल्यांचे चार दावे एकेक करून बघू.

‘०.९५ म्हणजे मॉडेल पक्कं.’ ग्राहक वाढतात, दर वाढतात, म्हणून युनिट आणि महसूल या दोन्ही मालिका चढत्याच असतात. एकमेकींशी काडीचा संबंध नसलेल्या रँडम वॉकमध्येही (दर पावलाला योगायोगाने वरखाली सरकणाऱ्या मालिकांमध्येही) रिग्रेशन झकास जमतं, हे ग्रेंजर आणि न्यूबोल्ड या अर्थमितीतज्ज्ञांनी १९७४ मध्येच दाखवलं. डर्बिन-वॉटसनचा आकडा (लागोपाठच्या त्रुटी एकमेकींशी किती जोडलेल्या आहेत याचं माप) आर-स्क्वेअरपेक्षा कमी आला की संशय घ्यायचा, ही त्यांची खूण. आलेखवाल्यांनी तो आकडा दिलेलाच नाही. लॉगमधले महिनावार फरक घ्या, महिन्यांचे आणि दरबदलाचे डमी (० किंवा १ घेणारे खुणेचे चल) घाला, मग काय उरतं ते बघा.

‘त्याच महिन्याचे आकडे जुळवले आहेत.’ जुळत नाहीत. फीडरचं (उपकेंद्रातून एका भागाला वीज नेणाऱ्या वाहिनीचं) मीटर महिनाअखेरीस वाचलं जातं, ग्राहकांचं रीडिंग सायकलनुसार महिनाभर चालतं. १० तारखेच्या रीडिंगमधले वीसेक दिवस मागच्या महिन्याचे. पैसे तर आणखी पुढे येतात. खप एकदम उतरला की गळती (पाठवलेल्या पण बिलात न आलेल्या युनिटांचा वाटा) शून्याखालीही दिसू शकते. १२ महिन्यांची सरकती बेरीज घेतली तर हे बरंचसं निवळतं, पण मग त्रुटी एकमेकींत गुंततात. अशा गुंतलेल्या त्रुटींसाठी असलेल्या न्यूई-वेस्ट दुरुस्तीशिवाय पी-व्हॅल्यू (निव्वळ योगायोगाने असा निकाल येण्याची शक्यता) वाचू नये.

‘महसूल वाढला म्हणजे फायदा.’ दोन फीडर घ्या, प्रत्येकी १००० युनिट. पहिल्यावर गळती १५ टक्के, वसुली ९०: पैसे आले ७६५ युनिटांचे. दुसऱ्यावर गळती ४०, वसुली ७०: फक्त ४२०. खरेदीचा दर सरासरी विक्रीदराच्या ६० टक्के धरला, तर खर्च दोन्हीकडे ६०० युनिटांइतका. दुसरीकडे महसूल वाढला आणि तोटाही. शिवाय तारांमधली गळती प्रवाहाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे वाढीव युनिटवरची तांत्रिक गळती सरासरीच्या जवळपास दुप्पट पडते. एकच सरासरी गुणांक हे सगळं झाकून टाकतो.

‘पुरवठा कारण, महसूल परिणाम.’ अनेकदा उलटं असतं: जिथे बिलं भरली जातात तिथे भारनियमन कमी. हे फीडरचे फिक्स्ड इफेक्ट (प्रत्येक फीडरचा कायमचा वेगळेपणा वजा करणारे चल) टाकूनही पूर्ण सुटत नाही, कारण वाटप वसुली बघून बदलत राहतं. वीजनिर्मिती संच अचानक बंद पडून सगळ्या फीडरवर समान कपात झालेले दिवस वापरावेत. रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) जळून झालेला खंड मात्र चालणार नाही: रोहित्रं अतिभाराने जळतात, आणि अतिभार बहुधा तारांवर आकडे टाकून वीज चोरली जाते त्या भागातच असतो, म्हणजे जिथे वसुली आधीच कमी.