आत्याला कोणी विचारलंच नाही

गेल्या वर्षी इथे न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चला बायको सायकलवरून कामाला जात होती आणि राउंडअबाउटवर एका गाडीने तिला उडवलं. गाडी चालवणारा कॉलेजातला मुलगा, लक्ष दुसरीकडे होतं, त्याने लगेच गुन्हा कबूल केला. हिचं मनगट दोन ठिकाणी मोडलं, आत प्लेट टाकावी लागली. महिन्याभराने पोलिसबाई घरी आली आणि म्हणाली, तुम्हाला 'व्हिक्टिम इम्पॅक्ट स्टेटमेंट' द्यायचंय का? म्हणजे जे झालं त्याचा तुमच्यावर काय परिणाम झाला ते तुमच्या शब्दांत लिहून द्यायचं, शिक्षा ठरवायच्या आधी जज ते वाचतात, आणि वाटलं तर तुम्ही स्वतः कोर्टात उभं राहून वाचू शकता.

बायकोने ते आधी मराठीतच लिहून काढलं. कणीक मळता येत नाही, लेकीची वेणी घालता येत नाही, मागून गाडीचा आवाज आला की फुटपाथवर चालतानासुद्धा अंग चोरलं जातं. इंग्लिशमध्ये करताना त्यातलं अर्धं सांडलं असं ती अजून म्हणते. शेवटी तिने लिहिलं होतं की ह्याचं लायसन्स कायमचं काढून घ्या, ते वाक्य मात्र पोलिसबाईने खोडायला सांगितलं, शिक्षा काय द्यायची ते जजचं काम, तुम्ही तुमचं काय झालं ते सांगा. अजून एक गोष्ट तेव्हा कळली, आरोपीला ते स्टेटमेंट वाचायला देतात पण त्याची कॉपी स्वतःकडे ठेवता येत नाही, इथल्या २००२ च्या पीडितांच्या हक्कांच्या कायद्यातच तसं लिहिलंय. आपलं दुखणं आपण सांगायचं पण ते कागद त्याच्या घरी पडून राहू नयेत, हा विचार कोणीतरी केला हे मला फार मोलाचं वाटलं.

हे सगळं मी आत्याला व्हिडिओ कॉलवर सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मग जजनं ऐकलं का रे तिचं सगळं? मधी थांबवलं नाही?"

आत्याचा मुलगा, माझा आतेभाऊ, २०११ मध्ये पुणे-नाशिक हायवेवर नारायणगावच्या अलीकडे टेम्पोखाली गेला. केस तालुक्याच्या कोर्टात सहा वर्षं चालली. तारखेला जायचं, पुकारा होईपर्यंत बाकावर बसायचं, आरोपीचे वकील आले नाहीत म्हणून परत यायचं. आत्या त्या केसमध्ये साक्षीदार क्रमांक चार होती, बस्स. तिची साक्ष झाली त्या दिवशी ती घरून ठरवून गेली होती की सगळं सांगायचं, पण सरकारी वकिलांनी बॉडी ओळखली का, घरून किती वाजता निघाला होता एवढंच विचारलं आणि ती पुढे बोलायला लागली तर "विचारलं तेवढंच सांगा आजी" असं ऐकवलं गेलं. आपण रडायला आलोय असं त्यांना वाटलं असणार, असं ती मला म्हणाली होती. तिच्या मुलाची किंमत कोर्टात एकदाच मोजली गेली ती नुकसानभरपाईच्या क्लेमच्या केसमध्ये, वय किती, पगार किती, त्याला कुठला आकडा लावून गुणायचं.

माझं म्हणणं एवढंच की असं स्टेटमेंट आपल्याकडेही घ्यायला हवं. आता कोणी म्हणेल की आपल्याकडे लाखो केसेस पडून आहेत, त्यात हे नवीन कशाला. पण ही मागणी परदेश बघून आलेल्या माणसाची हौस नाही. आपल्याच सुप्रीम कोर्टाने २०१८ साली मल्लिकार्जुन कोडागली केसमध्ये स्पष्ट म्हटलंय की शिक्षा ठरवताना पीडिताला ऐकून घेण्याचा गंभीरपणे विचार व्हायला हवा आणि व्हिक्टिम इम्पॅक्ट स्टेटमेंटला मान्यता मिळायला हवी. त्यानंतर १ जुलै २०२४ पासून खटले कसे चालवायचे ते सांगणाऱ्या जुन्या कायद्याच्या जागी नवीन नागरिक सुरक्षा संहिता आली, तिच्यात चांगल्या गोष्टी आहेत, तपास कुठवर आला हे पोलिसांनी ९० दिवसांत पीडिताला कळवायचं, सरकारला खटला मागे घ्यायचा असेल तर आधी पीडिताला ऐकायचं. पण दोषी ठरल्यावर शिक्षेबद्दल कोणाला ऐकायचं याचं कलम, जे आधी २३५(२) होतं आणि आता २५८(२) आहे, तिथे अजूनही फक्त आरोपीच आहे. आरोपीला ऐकायलाच पाहिजे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, घरी म्हातारे आईबाप आहेत, पहिलाच गुन्हा आहे हे जजना कळायलाच हवं. पण त्याच खोलीत मागच्या बाकावर जी बाई बसलीये तिच्याकडे बघायची कायद्याला गरजच वाटली नाही, हे मला पटत नाही.

ह्या स्टेटमेंटने काय होऊ शकतं ते मी ह्याच शहरात बघितलंय. १५ मार्च २०१९ ला इथल्या दोन मशिदींवर हल्ला झाला, ५१ माणसं गेली, त्यात ५ भारतीय नागरिक होते. हॅगली पार्कसमोरची ती मशीद माझ्या रोजच्या रस्त्यावर आहे. ऑगस्ट २०२० मध्ये शिक्षेची सुनावणी चार दिवस चालली आणि ९१ जण बोलले. सुरुवातीला कमी लोकांनी नावं दिली होती, पण आधीच्यांचं ऐकून बाकीच्यांना धीर आला. कोणी हल्लेखोराच्या डोळ्यांत बघून रागाने बोललं, एका आईने मी तुला माफ केलंय म्हणून सांगितलं, आणि त्याला संधी असूनही तो स्वतः काही बोलला नाही. जस्टिस मँडर यांनी निकालात गेलेल्या प्रत्येकाबद्दल वेगळं सांगितलं, आणि जन्मठेप दिली ती पॅरोलशिवाय, जी ह्या देशात आधी कधीच कोणाला दिली नव्हती.

पण मला भीती पण वाटते आणि ती लपवायची नाहीये. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९८७ मध्ये फाशीच्या केसेसमध्ये अशी स्टेटमेंट्स बंद केली होती, कारण ज्याचं कुटुंब नीट बोलू शकतं त्याच्या खुन्याला फाशी आणि ज्याचं कोणीच नाही त्याच्या खुन्याला कमी, असं व्हायला लागेल. चारच वर्षांत, १९९१ मध्ये, त्याच कोर्टाने तो निकाल फिरवला. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्येही एका न्यायाधीशांनी १९९७ साली हेच म्हटलं होतं की मेलेल्या माणसाच्या घरच्यांच्या दुःखावर शिक्षा वाढवली तर एका जिवाची किंमत दुसऱ्यापेक्षा जास्त ठरते, तिथला कायदाही २०१४ मध्ये बदलून ते दुःख धरता येईल असा केला. पण मूळ प्रश्न मला खरा वाटतो, आणि आपल्याकडे तर जास्तच खरा. आपल्याकडे कोणासाठी मोर्चा निघतो आणि कोणाची बातमी आतल्या पानावर चार ओळींत संपते, ह्यात जात, पैसा, शहर सगळं येतं. आमच्या फॅमिली ग्रुपवर काही झालं की पहिला मेसेज "भर चौकात फाशी द्या" असतो. तिथे स्टेटमेंट जर फाशी द्यायची की नाही ह्या तराजूत टाकलं तर ते पीडिताचं राहणारच नाही, बाहेरच्या गर्दीचं होईल. म्हणून माझं मत असं की फाशी होऊ शकते अशा केसमध्ये पीडिताचं जरूर ऐका, पण फाशी की जन्मठेप हे त्यावरून ठरवू नका.

मी ज्यासाठी लिहितोय त्या मुळात ह्या केसेस नाहीतच. रस्त्यावरचे अपघात, घरफोडी, मारहाण, सासरचा छळ, ज्यांच्यासाठी कुठलाही चॅनेल येत नाही. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला पोर्शेखाली दोन तरुण इंजिनिअर गेले, तेव्हा १७ वर्षांच्या मुलाला जामीन देताना ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला म्हणून सगळा महाराष्ट्र चिडला आणि बरोबरच चिडला. ती शिक्षा नव्हती, जामिनाची अट होती, हे मला कळतं. पण मी तेव्हा एवढंच म्हणत होतो की त्या दोघांच्या आईबापांकडून कोणी एक पान मागवलं का?

करायला हे अवघड नाही. दिल्ली हायकोर्टाने २०२० मध्ये करण केसमध्ये नुकसानभरपाई ठरवण्यासाठी विधी सेवा प्राधिकरणाकडून, म्हणजे गरजूंना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी संस्थेकडून, व्हिक्टिम इम्पॅक्ट रिपोर्ट घ्यायला सांगितला होता. विधी सेवा प्राधिकरण आपल्याही प्रत्येक जिल्ह्यात आहे. त्यांच्यातल्या कोणीतरी घरी जायचं, एक-दोन पानं मराठीत, जसं बोलतात तसंच लिहून घ्यायचं, त्याला वकिली भाषा लावायची नाही, लिहिता येत नसेल तर अंगठा चालेल. आरोपीच्या वकिलांना आधी दाखवायचं म्हणजे खोटं काही आलं तर हरकत घेता येईल. आणि निकालात जजनी एक परिच्छेद लिहायचा की हे आम्ही ऐकलं. कोणाला द्यायचं नसेल तर तसंही चालेल, बायकोच्या ओळखीतल्या एकीने इथे नकोच म्हणून सांगितलं होतं आणि तिला कोणी जबरदस्ती केली नाही.

त्या कॉलवर मी आत्याला विचारलं, तुला तेव्हा विचारलं असतं तर काय सांगितलं असतंस? ती लगेच बोलायला लागली, जवळजवळ पाऊण तास बोलली. टेम्पोवाल्याला किती शिक्षा झाली होती असं मी मध्ये विचारलं तर तिला ते आठवेना, आतून काकांना हाक मारून विचारावं लागलं.